दोन पावसाळ्यांत रस्ता का उखडला?

प्रश्न : आमच्या गावचा पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता दोनच पावसाळ्यांत उखडला. गाडीत केळीचे घड खरचटतात, व्यापारी भाव पाडतो. डांबरात खोट असेल का? – केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, डांबराला नंतर शिव्या घाला, आधी कडेची चारी (पाणी वाहून नेणारा चर) बघा. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. वरचा थर कितीही जाड असो, खालून रस्ता हलतोच. चारी बुजवून कुणी बांध पुढे सरकवला असेल (सरकवतातच!), तर पाणी रस्त्याखालीच मुरतं. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडातला गाळ मे महिन्यातच काढायला हवा. या योजनेत काम झाल्यावर ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. फलकावरची तारीख टिपा, खड्ड्यांचे फोटो जोडून ग्रामपंचायतीमार्फत अर्ज द्या, आणि पोच घ्या.