तीनने वाढवलं की तीनपट केलं?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. तिला ४ बाय ६ सेमीच्या आयताची मोठी स्केल्ड कॉपी काढायची होती, तिने दोन्ही बाजूंत ३-३ सेमी मिळवले आणि ७ बाय ९ चा आयत काढला. उत्तर चुकलं. ती म्हणते दोन्ही बाजू सारख्याच वाढवल्या, मग आकार बदलला कुठे? खरं सांगते, मलाही नीट समजावता आलं नाही. आणि जाता जाता अजून एक, झेरॉक्स मशीनवर ए४ चा ए३ करताना १४१ टक्के येतं, ए३ तर ए४ च्या डबल असतो ना, मग २०० का नाही?
– एक आई

उत्तर: मुलीवर चिडू नका, ही चूक भल्याभल्यांची होते. तिला सांगा, ३ कशाला, १००-१०० मिळव. आयत होईल १०४ बाय १०६, म्हणजे बघणाऱ्याला चौरसच वाटेल, आणि मूळचा ४ बाय ६ काही चौरसासारखा दिसत नव्हता. गंमत अशी की तेच ३ सेमी छोट्या बाजूला जास्त जाणवतात, ४ ला ३ म्हणजे पाऊणपट भर आणि ६ ला ३ म्हणजे निम्मीच. भागाकार करून बघा, ७ भागिले ४ म्हणजे १.७५ आणि ९ भागिले ६ म्हणजे १.५. हे दोन आकडे एकच यायला हवेत, तोच स्केल फॅक्टर. म्हणजे तिची ९ ची बाजू चालली असती, फक्त दुसरी ७ ऐवजी ६ हवी होती.

कोन सगळे ९० चेच राहिले की, असं ती म्हणेल. राहिले, पण आयतात ते राहणारच, नुसते कोन सारखे असून भागतं ते त्रिकोणात.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर दोन्ही आयत कागदातून कापा, एक कोपरा जुळवून लहान मोठ्यावर ठेवा (लांब बाजूवर लांब बाजू हां) आणि त्या कोपऱ्यातून मोठ्याचा कर्ण काढा. तो लहानाच्या समोरच्या कोपऱ्यातून गेला तर कॉपी खरी. मला स्वतःला ही पद्धत भागाकारापेक्षा जास्त आवडते.

खरं तर आपल्या भाषेतच हा फरक आहे, ‘तीनने वाढवलं’ ही बेरीज आणि ‘तीनपट केलं’ हा गुणाकार. स्केलिंगमध्ये कायम ‘पट’.

आता झेरॉक्स. मशीनवरचा टक्का लांबी-रुंदीचा असतो आणि तुम्ही म्हणताय ते डबल क्षेत्रफळाचं, दोघंही बरोबर! ए४ असतो २१० बाय २९७ मिमी, ए३ २९७ बाय ४२०. दोन्ही बाजू साधारण १.४१ पट, आणि क्षेत्रफळ १.४१ गुणिले १.४१ म्हणजे जवळजवळ २ पट. २०० टक्के केलं असतं तर लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे चार ए४ एवढा कागद लागला असता, तो ए२ झाला. म्हणून कोणी ‘डबल साइज’ म्हटलं की आधी विचारायचं, कशाच्या डबल?

मुलीला हे पटलं की उलटं विचारा, ६ बाय ९ वरून परत ४ बाय ६ वर यायला किती पट? दीडपट केलं होतं, म्हणून ती बहुतेक निम्मं म्हणेल. काढू द्या, ३ बाय साडेचार येईल, मग स्वतःच दोन-तृतीयांशावर येते की नाही बघा.