माळ्यावरची ट्रंक

प्रश्न : नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय म्हणून माळा उपसतोय, त्यात आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा 1961 ला बोटीने विलायतेला शिकायला गेलेले. ट्रंकेवर कागदी लेबल आहे, ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’. आजी म्हणते ते ट्रंकेचं नाही, त्यांचंच होतं! काय भानगड आहे ही? त्या बोटी म्हणजे आत्ताच्या क्रूझच ना, मग बंद का पडल्या? आणि आई ट्रंकेला रंग मारून हॉलमध्ये ठेवायचं म्हणतेय, मारू का?

— एक वाचक, ठाणे

उत्तर : आजींना आधी दंडवत. लेबलचा अर्थ एवढाच की हे सामान वाटेत लागणार नाही, बोटीच्या पोटात खाली टाका. रोज लागणाऱ्या बॅगेला ‘केबिन’चं लेबल वेगळं. बॅलार्ड पिअरहून निघून एडन, सुएझ, पोर्ट सैद करत विलायत गाठायला दोन-तीन आठवडे जायचे, तेवढ्या दिवसांत जाड कोट आणि पुस्तकं कोण काढतंय, म्हणून ती ट्रंकेत.

पण त्यांना क्रूझ म्हणू नका हं. त्या लायनर. लायनर म्हणजे आपली एसटी, टाइमटेबल लावून तिकडे पोचवणार आणि क्रूझ म्हणजे अष्टविनायकाची बस, फिरवून आणून परत ठाण्यातच सोडणार. पोचवायचं काम विमान काही तासांत करायला लागलं तिथे लायनरची गरजच संपली. 1958 ला अटलांटिकवर जेट सुरू झाली, 1960 ला एअर इंडियाकडे बोइंग 707 आलं, म्हणजे तुमच्या आजोबांना जेटचा पर्याय होता, पण स्वस्तातलं तिकीट बोटीचंच असणार. त्यात 1967 ला सुएझ कालवा बंद झाला तो थेट 1975 पर्यंत, मग बोटींना अख्ख्या आफ्रिकेला वळसा, तेल जास्त, दिवस जास्त, कोण बसणार?

काही लायनरच्या क्रूझ झाल्या. ‘फ्रान्स’ नावाची 1962 ची जवळपास 316 मीटर लांब बोट, तेल महागलं आणि फ्रेंच सरकारने पैसे द्यायचं थांबवलं म्हणून 1974 ला बंद पडली, पुढे ‘नॉर्वे’ नावाने क्रूझ झाली आणि शेवटी 2006 मध्ये तोडायला आली कुठे, तर गुजरातेत अलंगला. मला हे वाचून उगाचच वाईट वाटलं होतं.

बाकी आठवणी काढताना एक, ते बॉलरूम वगैरे फर्स्ट क्लासवाल्यांचं. शिकायला जाणाऱ्या पोराला खालच्या डेकवर चौघांत एक केबिन, त्यात बोट लागली की जेवणाचं नाव नको.

रंग अजिबात मारू नका! लेबलला ओलं फडकंही नको, कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि आत दोन-चार डांबराच्या गोळ्या टाका. झाकणाच्या आतल्या बाजूला बघा बरं, तिथे बोटीचं नाव लिहिलेलं असतं कधीकधी. सापडलं तर कळवा.