भावाचा हेपटायटिस सी पॉझिटिव्ह आलाय. तो सुईने नशा करतो. आधी नशा सोडवायची की आधी उपचार?

दोन्ही एकदमच सुरू करा. सुई सुटेपर्यंत लिव्हरचं औषध अडवून ठेवू नका. ‘आधी सोड, मग बघू’ असं तुमचे काका म्हणतात, ते आपल्या इंदूरात घरोघरी ऐकू येतं, आणि त्यात मुलांची वर्षं जातात. पूर्वी इंटरफेरॉनची त्रासदायक इंजेक्शनं होती, तेव्हा डॉक्टरही नशा करणाऱ्यांना टाळायचे. आता तसं काही राहिलेलं नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून आधी रिपोर्टबद्दल. तुम्ही लिहिलेलं ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. चारांतल्या साधारण एकाच्या अंगातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो. आज तो रक्तात आहे का, हे आरएनए चाचणीत, म्हणजे व्हायरल लोडमध्ये कळतं. ती करून घ्या. सोबत हेपटायटिस बी आणि एचआयव्हीही तपासा. बी असेल तर सीच्या औषधांनी तो उसळू शकतो, डॉक्टरांना आधी माहीत हवं. नसेल तर बीची लस द्या. सीवर लस नाही.

विषाणू सापडला, तर सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमात (२०१८ पासून) तपासणी आणि औषध मोफत आहे. एम. वाय. हॉस्पिटलला जाऊन चौकशी करा. सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या रोज, १२ आठवडे. शंभरांतले नव्वदहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. अधेमधे सुई घेतली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

‘त्याची सुई तर वेगळी असायची’ असं तुम्ही म्हणता. पण पावडर विरघळवायचं झाकण, पाणी, कापूस एकच असला तरी लागण होते. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक आठवडे टिकतो, पाण्याने खळबळून जात नाही. बरं झाल्यावर पुन्हाही होऊ शकतो. म्हणून नशामुक्तीसाठी सरकारी ओएसटी केंद्र, म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरी औषध देणारं केंद्र, शोधा. तिथे जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मोफत देतात. तलफ आवरते, सुईची गरज पडत नाही.

आईंनी त्याचं ताट-वाटी वेगळं केलंय, हे वाचून फार वाईट वाटलं. त्यांना आजच सांगा, हा रक्तातून पसरतो. एका ताटात जेवा, त्याला जवळ घ्या, काही होत नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करा. तो निगेटिव्ह आला तरी पहिली अँटी-एचसीव्ही चाचणी बहुतेक पुढेही पॉझिटिव्हच दाखवेल. नोकरीच्या वेळी किंवा ऑपरेशनआधी कुणी घाबरवलं तर दाखवायला व्हायरल लोडचा कागद जपून ठेवा.