निवेदन कापू नका, साथीदारांची नावं तिथंच आहेत

तुमचा प्रश्न असा आहे: वडील गोंधळी होते, आकाशवाणी परभणीवर गायचे, आता ते नाहीत. घरी रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेट आहेत. मधलं निवेदन कापून, खरखर घालवून अल्बम कसा काढावा?

निवेदन कापू नका. खरखरीचं नंतर बघू.

गोंधळ एकट्याचा नसतो. संबळवाला, तुणतुण्यावरचा, झांज वाजवत झील, म्हणजे मागून सूर, धरणारे, आख्यानात मधेच प्रश्न टाकून नायकाला, म्हणजे मुख्य गोंधळ्याला, पुढं नेणारा जोडीदार, हे सगळे मिळून गोंधळ होतो. घरच्या कॅसेटवर फार तर ‘दादांचा गोंधळ’ एवढंच लिहिलेलं असतं. संबळाला कोण, तुणतुण्याला कोण, हे सुरुवातीच्या नाहीतर शेवटच्या निवेदनातच सापडतं. ते पंधरा-वीस सेकंद कापले की ती माणसं कायमची गेली.

धाराशिवकडच्या एका दिवंगत गोंधळ्याच्या कॅसेट माझ्याकडे कामाला आल्या, त्या आधी एका शहरी स्टुडिओतून जाऊन आल्या होत्या. त्यांनी निवेदन उडवलं होतं, प्रत्येक पद चार मिनिटांचं केलं होतं, संबळाखाली कीबोर्ड भरला होता आणि नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर दाबणारी प्रक्रिया, इतकं मारलं होतं की झांज पाण्याखाली वाजल्यासारखी येत होती. मुखपृष्ठावर नाव एकट्या गायकाचं. ‘निवेदन कोण ऐकतं?’ असा त्यांचा सवाल होता. नशीब, मूळ कॅसेट घरच्यांनी परत आणल्या होत्या. त्यातल्या एका बाजूच्या अगदी शेवटी, टेप संपता संपता संबळवाल्याचं नाव मिळालं. नावावरून घर सापडलं, आणि त्या घरी तोच कार्यक्रम जास्त चांगल्या रेडिओवरून टेप केलेला निघाला. अल्बम शेवटी त्या कॅसेटवरून झाला. निवेदन कोण ऐकतं, याचं उत्तर हे.

आता काम. आधी कॅसेटची रेकॉर्ड-टॅब मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटचं कवच वाकलेलं असतं, माळवदाच्या देवळीतल्या बऱ्या निघतात. कवच वाकलं असेल किंवा आतली फेल्टची गादी निखळली असेल, तर टेप स्क्रूच्या नव्या कवचात हलवा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका. बुरशी हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवा. वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या टेपमध्ये एका थरातला आवाज शेजारच्या थरात उतरतो, गाण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. फिरवल्यानं ती थोडी कमी होते.

वाजवताना डॉल्बी, म्हणजे डेकवरचं खरखर कमी करणारं बटण, बंद. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला ते बहुधा लावलेलं नसतं, चालू ठेवलं तर आवाज मंद होतो. मग अझिमथ, म्हणजे टेपला टेकलेल्या हेडचा कोन. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकपेक्षा वेगळा असणार. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, दोन्ही चॅनेल मोनो करून ऐका. तुणतुण्याची तार जिथं सगळ्यात लख्ख येते तिथं थांबा. प्रत्येक कॅसेटला, प्रत्येक बाजूला हे पुन्हा करायचं. हे नीट झालं तर निम्मी खरखर वाटणारी गोष्ट खरखर नव्हतीच, हे कळेल.

संगणकात भरताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. एका तासाला मोनोत साधारण १ जीबी लागतो. ही फाइल तशीच ठेवायची, जी काय सफाई करायची ती प्रतीवर.

वेगाकडे लक्ष द्या, इथं घरचेच फसतात. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट नंतर जलद वाजते आणि ‘तेव्हा दादांचा गळा कोवळा होता’ असं सगळे म्हणू लागतात. वेग ६ टक्के वाढला की सूर अर्धी पट्टी चढतो. टेपरेकॉर्डर विजेवर लावून भरलं असेल तर मागं ५० हर्ट्झची घरघर सापडते. ती ५२ वर दिसली तर टेप ४ टक्के जलद आहे. मात्र त्या काळी आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली जायची, त्यामुळे शेवटचा निवाडा त्यांच्यासोबत गायलेल्या माणसाच्या कानानं करा. तुणतुणं हळूहळू चढत गेलं तर सेल उतरत होते. एकदम उतरून पुन्हा जुळलं तर खुंटी सैल झाली होती, तिथं हात लावू नका.

परभणी केंद्र मिडियम वेव्हवर लागायचं. त्या प्रसारणात ५-६ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही येत नाही. म्हणून ७ किलोहर्ट्झच्या वरचं साध्या फिल्टरनं काढलं तरी गाणं शाबूत राहतं, वरची सळसळ जाते आणि शेजारच्या स्टेशनची ९ किलोहर्ट्झची शिट्टीही जाते. त्यानंतर नॉइज रिडक्शन लागलंच तर ३-४ डेसिबल, त्यापुढं नाही. उरलेली झांज आणि तुणतुणं नेमके २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतात, जास्त दाबलं की आधी तेच गिळले जातात. एफएमवरून भरलेल्या कॅसेटला हा फिल्टर लावू नका.

पदं तोडू नका. रात्रभराचा गोंधळ रेडिओच्या मोजक्या मिनिटांत बसवताना काय ठेवायचं, काय सोडायचं हे वडिलांनीच ठरवलं होतं. गण, देवींना आवतण, आख्यान, आरती, जसं आहे तसं सलग ठेवा, ट्रॅक पाडले तरी मधे शांतता घालू नका. मुखपृष्ठावर ‘संपूर्ण गोंधळ’ लिहू नका, ‘आकाशवाणीवरील सादरीकरण’ लिहा. आणि साथीदारांची नावं गायकाच्याच आकारात. गळा वडिलांचा होता हे खरं, पण झील थांबली की त्या गळ्याला दम घ्यायला जागा नव्हती.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. कॅसेट तुमची असली तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क तुमचा होत नाही, तो मूळ मुद्रण करवणाऱ्याचा, म्हणजे इथं आकाशवाणीचा. केंद्राकडे कार्यक्रमाचं नाव आणि तारीख देऊन लेखी परवानगी मागा, मूळ टेप आहे का हेही विचारा. टेप पुसून पुन्हा वापरली जायची, तेव्हा नसलीही तर नवल नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं असतो आणि संबळवालाही सादरकर्ताच, म्हणून त्याच्या घरच्यांचीही सही घ्या. सादरकर्त्याचा हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आला, ५० वर्षं १९९९ मध्ये झाली. कार्यक्रम त्याआधीचे असतील तर छापण्यापूर्वी वकिलाला दाखवा.