टॅपेट कव्हर मी उघडले होते, मग इंजिनचे नुकसानही माझेच का?

प्रश्न : गाडीची किरकोळ कामे मी स्वतःच करतो. टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणातून) ऑइल पाझरत होते म्हणून त्याचे पॅकिंग मी घरी बदलले. दोन महिन्यांनी टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका तालात ठेवणारा पट्टा) बदलायची वेळ आली. ते काम आवाक्याबाहेरचे वाटल्याने गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप नवे बसवले. तीन आठवड्यांत, साधारण ९०० किलोमीटर झाल्यावर, चालती गाडी बंद पडली. मी फोनवर "उघडून बघा" म्हणालो. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवल्यावर व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. गॅरेजवाले म्हणतात, तुमच्या पॅकिंगमधून ऑइल बेल्टवर गळले आणि बेल्ट सरकला, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. हेड उतरवण्याची मजुरी आणि गाडी उभी ठेवण्याचे रोजचे भाडे दिल्याशिवाय ते गाडी सोडत नाहीत. गाडी घरी आणून इंजिन स्वतः बांधावे आणि मग भरपाई मागावी, असे मला वाटते. ते योग्य होईल का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. इंजिनला आत्ता हात लावू नका. स्वतःच्या गाडीचे इंजिन स्वतः दुरुस्त करण्यास कायद्याची मनाई नाही आणि आपल्या हातच्या कामाविषयीही मला शंका नाही. परंतु आज ते उघडे इंजिन हाच या प्रकरणातील सर्वांत मोठा पुरावा आहे. आपण ते पुसून, धुऊन, नवे व्हॉल्व्ह घालून बांधलेत, तर गॅरेजच्या चुकीच्या खुणा त्याच दिवशी नाहीशा होतील आणि मागे फक्त आपला शब्द आणि त्यांचा शब्द एवढेच उरेल.

मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार 'सेवा' आहे, आणि गाडी आपण व्यापारी हेतूने वापरत नसाल तर आपण 'ग्राहक' आहात. आधी एखादे काम आपण घरी केले होते, एवढ्यावरून हा दर्जा जात नाही. मालकाने पूर्वी इंजिन उघडले होते म्हणून नंतरचा कारागीर निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटतो, असा कोणताही नियम नाही. मात्र सेवेत त्रुटी होती आणि त्या त्रुटीमुळेच नुकसान झाले, हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. त्यामुळे आपण घरी काम केले की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. बेल्ट कशामुळे सरकला, हा मुद्दा आहे.

गॅरेजचा बचाव मी हलक्यात घेत नाही. ऑइल लागल्याने रबराचा बेल्ट खराब होतो, हे खरे आहे. टायमिंग सरकले की अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात, हेही खरे आहे. पण हाच बचाव नीट उलगडून पाहिला तर तो त्यांच्यावरच उलटू शकतो. आपले पॅकिंग त्या दोन महिन्यांत गळत असते, तर जुना बेल्ट उतरवताना त्यावर आणि आतल्या बाजूला ऑइल दिसायलाच हवे होते. ते दिसूनही त्यांनी आपल्याला न सांगता नवा बेल्ट चढवला असेल, तर तो निष्काळजीपणा आहे. त्याच कायद्यातील 'त्रुटी'च्या व्याख्येत निष्काळजीपणा तर येतोच, शिवाय ग्राहकाला आवश्यक ती माहिती जाणीवपूर्वक न देणे हेही येते. ज्याच्या नजरेसमोर गळती आहे आणि तिचा परिणाम ज्याला ठाऊक आहे, त्याने गाडीमालकाला एक फोन करणे ही फार मोठी अपेक्षा नाही. उलट, त्या दिवशी गळती नव्हतीच असे ते म्हणाले, तर ती नंतरच्या तीन आठवड्यांत कशी आणि कुठून सुरू झाली, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल.

त्यासाठी दोन गोष्टी शोधून काढा. बेल्टचे काम करताना त्यांनी टॅपेट कव्हर काढले होते का? काढले असेल तर परत बसवलेले पॅकिंग आपल्या हातचे राहिले नाही. आणि ऑइल नेमके कुठून आले? बेल्टच्या बाजूला कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट या इंजिनच्या फिरत्या दांड्यांभोवती ऑइल अडवणारे सीलही असतात, आणि बेल्ट उतरवलेला असताना ते गळतात का हे पाहणे ही जाणत्या कारागिराची रीत आहे. ऑइलचा ओघळ वरच्या कव्हरच्या कडेपासून खाली आला आहे की सीलच्या भोवती वर्तुळात पसरला आहे, हे फोटोत स्पष्ट दिसते. आपण पाठवलेल्या एका फोटोत बेल्टची दात्यांची बाजू दिसते. दाते शाबूत आहेत आणि पृष्ठभाग मला कोरडा वाटतो, पण फोटोवरून मत देणे हे माझे काम नव्हे. ते स्वतंत्र तज्ज्ञाला प्रत्यक्ष पाहू द्या. टेन्शनरचा बोल्ट सैल होता का, त्याच्या वॉशरखाली सरकल्याची चकाकी आहे का, हेही त्यालाच तपासायला सांगा.

म्हणून पहिले पाऊल लेखी नोटीस. तिच्यात कामाची तारीख, त्या दिवशीचे आणि बंद पडलेल्या दिवशीचे किलोमीटर आणि झालेले नुकसान लिहा. उतरवलेले सर्व भाग, विशेषतः बेल्ट, टेन्शनर, बोल्ट आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग, आहेत त्या स्थितीत जपून ठेवण्यास सांगा, आणि तपासणीचा दिवस कळवून त्यांनाही हजर राहण्यास बोलवा. एकतर्फी तपासणीपेक्षा दोघांच्या देखत झालेल्या तपासणीला कितीतरी जास्त वजन असते. तपासणी करणारा वाहन अभियांत्रिकीतला पात्र माणूस असावा. आपल्या ओळखीचा दुसरा मेकॅनिक नको, कारण त्याचा अहवाल पहिल्याच प्रश्नात अडखळतो. गाडीची अशी प्रकरणे मी बहुतेक वेळा एकाच कारणाने कोसळताना पाहिली आहेत. सदोष भाग भंगारात गेलेला असतो आणि तो कोणी टाकला हेही कोणाला सांगता येत नाही.

आता गाडी अडवून ठेवण्याविषयी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले आहे, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातच पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिलेल्या हिऱ्याचे उदाहरण आहे. आपण फोनवर "उघडून बघा" म्हणालात, त्यामुळे हेड उतरवण्याच्या वाजवी मजुरीपुरता त्यांचा हा हक्क मांडता येण्याजोगा आहे. परंतु तो केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरताच आहे. स्वतःच्या मागणीसाठी गाडी अडवून ठेवायची आणि त्या अडवणुकीचेच रोजचे भाडे लावायचे, याला, तसे आधी ठरलेले नसेल तर, या कलमाचा आधार नाही. माझा सल्ला असा की, तपासणी झाल्यावर मजुरीची रक्कम "हरकत नोंदवून आणि हक्क राखून" असे लेखी कळवून भरा, पावती घ्या आणि गाडी सोडवा. भाड्याची मागणी लेखी नाकारा. मजुरी भरल्याने चूक कबूल केली असे होत नाही, मात्र हरकत लेखी असायलाच हवी.

तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. आपण जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाकडे ती दाखल करता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. गॅरेज भाग दाखवायला किंवा जपायला तयार नसेल, तर तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाची मागणी करा. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी आपल्यावरही असते, म्हणून गाडी ताब्यात आल्यावर उघड्या सिलिंडरला गंज चढणार नाही याची काळजी घ्या. गाडीच्या विम्याकडून फार आशा ठेवू नका, कारण नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

आपली बाजू कुठे कमकुवत आहे तेही सांगायला हवे. ऑइल खरोखर आपण बसवलेल्या पॅकिंगमधूनच आले आणि बेल्ट बदलताना ते दिसण्याजोगे नव्हते, असे तज्ज्ञाने सांगितले, तर आपली तक्रार टिकणार नाही. तसे असेल तर मी आपल्याला ती दाखल करण्याचा सल्लाही देणार नाही. म्हणून आपल्या त्या कामाचा पुरावाही तितक्याच काळजीने गोळा करा. पॅकिंगचे बिल, त्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो, बोल्ट किती टॉर्कने आवळले याची नोंद, त्यानंतर डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी झाली होती का, हे सारे आठवून तारखेनिशी लिहून काढा. घरी काम करणाऱ्या माणसाकडे जॉब कार्ड नसते, म्हणजे गॅरेजमध्ये लिहिली जाते तशी कामाची नोंद नसते, त्यामुळे ही नोंदच त्याचे जॉब कार्ड ठरते.

तज्ज्ञाचा अहवाल आणि फोटो हाती आल्यावर इंजिन आपण बांधायचे की दुसऱ्या कोणाकडून बांधून घ्यायचे, हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. आपण स्वतः केलेत तर भागांची बिले मागता येतील, स्वतःच्या श्रमाचा मोबदला मिळवणे मात्र अवघड जाईल. पूर्ण इंजिनच बदलावे लागले, तर नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागेल. आणि तो सरकलेला बेल्ट ताब्यात आला की पुसू नका. कोरड्या स्वच्छ पिशवीत घालून वर तारीख लिहा आणि जमल्यास गॅरेजच्या माणसाची सही घ्या.