आंतरराष्ट्रीय ऊर्जा परिषदेत वक्ते आणि सत्राध्यक्ष कोण ठरवतं? सत्राध्यक्षाला नावं पुकारण्यापलीकडे काही काम असतं का?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर कुणीही देईल. दुसरा भाग वाचून मात्र राहवलं नाही. "नावं पुकारायची आणि घड्याळ बघायचं, एवढंच ना?" असं तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, माझा एक जुना सहकारी मला कोविडच्या आधीपासून ऐकवतोय. तेव्हा उत्तर तुम्हालाच देते आहे, पण मधूनमधून ते त्याच्याकडे वळलं तर चालवून घ्या.

आधी पहिला भाग उरकते. अशा परिषदांना दोन दारं असतात. पहिलं दार मोठ्या व्यासपीठाचं. ह्यूस्टनचं सेरावीक घ्या किंवा अबू धाबीचं अ‍ॅडिपेक, तिथे मंत्री आणि कंपन्यांचे मुख्याधिकारी बोलतात, त्यांना आमंत्रणं जातात आणि कोण कुणाशेजारी बसणार हे त्यांच्या कार्यालयांमध्ये ठरतं. तिथे तुम्ही-आम्ही अर्ज करून काही होत नाही. दुसरं दार टेक्निकल सेशनचं, आणि ते खरंच उघडं असतं. परिषदेच्या आठ-दहा महिने आधी पेपरचे सारांश, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागवतात, प्रोग्रॅम कमिटीतले लोक ते वाचून गुण देतात, वरचे निवडले जातात, त्याखालच्यांना ई-पोस्टर, म्हणजे स्क्रीनवर मांडायचा पेपर, किंवा 'राखीव' म्हणून ठेवतात. सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्सच्या, म्हणजे एसपीईच्या परिषदांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट २२५ ते ४५० शब्दांचा लागतो आणि त्यात चार गोष्टी वेगवेगळ्या मांडायच्या असतात: उद्देश, पद्धत, निष्कर्ष आणि यात नवीन काय. निवड झाली तरी पूर्ण पेपर वेळेत दिला नाही, तर पोडियम मिळत नाही. हा नियम मला फार आवडतो.

सत्राध्यक्ष बहुतेक वेळा याच कमिटीतून येतात. दिवसभर आपापली नोकरी करून रात्री दुसऱ्यांचे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचणारी माणसं असतात ही. मानधन नसतं, बऱ्याच ठिकाणी नोंदणीची फीसुद्धा स्वतःच भरावी लागते.

आता माझी गोष्ट. मी कॉम्प्रेसरवाली. गॅस पाइपलाइनवर गॅस दाबून पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर, त्यांची गॅस अडवणारी सीलं, त्यांची गळती, यातच माझी सगळी नोकरी झाली. कमिटीत दोन वर्षं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचल्यावर मला एक सत्र दिलं: कॉम्प्रेसरमधून होणारं मिथेनचं, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मुख्य आणि हवामान तापवणाऱ्या वायूचं, उत्सर्जन. शेजारी सहअध्यक्ष म्हणून हाच सहकारी. चार पेपर, प्रत्येकाला २० मिनिटं बोलायला आणि ५ प्रश्नांना. जेवणानंतरचं पहिलं सत्र, म्हणजे झोपेचं. मिथेनला तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. २०२१ साली ग्लासगोला देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याचं वचन दिलं, त्यानंतर या विषयाला बरे दिवस आले. आमच्या वेळी मागच्या ओळी रिकाम्याच होत्या.

तिसरा पेपर ज्या कंपनीचा होता, तिचं नाव आमच्या सगळ्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीवर छापलेलं होतं. म्हणजे मोठी प्रायोजक तीच, यावरून काय ते समजा. पेपर चांगला होता. जुन्या सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या चाकाच्या, कॉम्प्रेसरमध्ये गॅस अडवायला तेलाचा पडदा असतो, त्या तेलात गॅस विरघळतो आणि तेल परत फिरवण्याआधी तो गॅस बाहेर सोडावा लागतो, बहुतेक ठिकाणी थेट हवेत. तेलाची ही सीलं काढून तिथे बिनतेलाचं ड्राय गॅस सील बसवल्यावर काय फरक पडला, याचे आकडे होते त्यात. पेपर लिहिला होता एका इंजिनिअरने. परिषदेच्या तीन आठवडे आधी कळवण्यात आलं की बोलणार मात्र कंपनीचे उपाध्यक्षसाहेब.

सत्राध्यक्षाचं काम सुरू होतं ते तिथे. चौघांनाही मी मेल केले, स्लाइड आठवडाभर आधी मागवल्या. साहेबांच्या ३१ स्लाइड आल्या आणि प्रत्येकीवर लोगो. नियम असा की लोगो फक्त पहिल्या स्लाइडवर. तीन मेल झाले. चौथ्यांदा स्लाइड आल्या त्यात लोगो होता तसाच, फक्त फिकट केलेला. सीलबद्दलच्या स्लाइड मोजल्या, पाच होत्या. बाकी कंपनीचा प्रवास. सत्राच्या दिवशी सकाळी वक्ते आणि अध्यक्षांची भेट असते, तिथे साहेब आलेच नाहीत, मदतनीस येऊन पेनड्राइव्ह देऊन गेला.

चौथा पेपर एका तरुण मुलीचा होता. तिची पहिलीच परिषद. विषय रेसिप्रोकेटिंग, म्हणजे पिस्टनवाल्या, कॉम्प्रेसरच्या रॉड पॅकिंगचा. पिस्टनचा दांडा जिथून बाहेर येतो तिथल्या कड्या झिजतात आणि गॅस निसटत राहतो. अमेरिकेच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे हे पॅकिंग २६,००० तासांनी किंवा ३६ महिन्यांनी बदलायचं. तिचं म्हणणं होतं की कॅलेंडर बघून बदलू नका, गळती मोजा आणि मग ठरवा. काही पॅकिंग वर्षभरात कामातून जातात, काही पाच वर्षंही छान चालतात. अमेरिकेने २०२४ च्या नियमात दर ८,७६० तास चालल्यावर सिलिंडरगणिक गळती मोजायला सांगितलं. तिच्या पेपरमुळे नव्हे, उगाच श्रेय देत नाही. पण ती चुकीचं बोलत नव्हती, एवढं सांगते.

तर साहेब उभे राहिले. सुरुवातीलाच दोन मिनिटं आयोजकांचे आभार मानण्यात गेली. मी पहिल्या रांगेतून आधी '५' लिहिलेलं कार्ड दाखवलं, मग '२'चं, मग 'वेळ संपली'चं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली, एखाद्या गाण्याला दाद द्यावी तशी. २३ व्या मिनिटाला मी जाऊन पोडियमच्या बाजूला उभी राहिले. साधारणपणे एवढ्यावर माणूस आवरतं घेतो. ते म्हणाले, "एकच मिनिट." २६ व्या मिनिटाला ते १७ व्या स्लाइडवर होते. सील अजून आलंच नव्हतं.

मी अध्यक्षांच्या टेबलावरचा माइक उचलला, आभार मानले, उरलेली चर्चा सत्रानंतर बाहेर करू म्हणाले आणि मागे बसलेल्या साउंडवाल्याकडे बघून मान हलवली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पोडियमचा माइक खाली केला. पुढची पाच-सहा सेकंदं साहेबांचे ओठ हलत होते, एक स्लाइडही पुढे सरकली, पण आवाज नाही. मग मागच्या कुणाला तरी वाटलं भाषण संपलं, त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांनी क्लिकर पोडियमवर ठेवला आणि तडक बाहेर गेले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती अभिमानाने सांगत फिरले असते.

ती मुलगी आली. क्लिकर उलटा धरला होता, पहिली स्लाइड मागेच गेली. नंतर तिने स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचला, मान वर न करता. आलेखावरचे आकडे इतके बारीक की दुसऱ्या रांगेतून दिसेनात. २० मिनिटं हातात असताना ११ मिनिटांत संपवलं. प्रश्न? कुणाचाच नाही. सत्राध्यक्षाने प्रत्येक पेपरवर दोन प्रश्न खिशात ठेवायचे असतात ते यासाठीच. मी विचारलं, गळती नेमकी कशी मोजली, गळतीच्या जागी बॅग लावून की गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हेंटच्या नळीवर? तिने एका वाक्यात उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं, आणि जागेवर जाऊन बसली. सत्र दहा मिनिटं आधीच संपलं.

लोक उठत असताना सहकारी माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "याच्यासाठी?"

पुढच्या वर्षी कमिटीच्या यादीत माझं नाव नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, "यादी फिरती ठेवतो." सहकारी आजही त्या यादीत आहे. फिरतीत तो कसा काय सुटला, देव जाणे.

त्याचं म्हणणं असं: ज्यांच्या पैशावर हॉल उभा आहे त्यांना दहा मिनिटं जास्त दिली तर काय बिघडलं? त्या मुलीला ती नकोच होती. आणि सत्राध्यक्ष म्हणजे शेवटी यजमान, पाहुण्याचा माइक बंद करणं यजमानाला शोभत नाही.

मला हे मुळातच पटत नाही. एक तर अशा परिषदेत एकाच वेळी सात-आठ हॉलमध्ये सत्रं चालू असतात आणि लोक छापील वेळ बघून या हॉलमधून त्या हॉलमध्ये येतात. रॉड पॅकिंग ऐकायला सव्वातीनला धावत आलेल्या माणसाला कंपनीचा प्रवास ऐकायला लागला, तर त्याची फसवणूक झाली. दुसरं, ती मिनिटं माझी नव्हतीच की मी कुणाला दान करावीत. कार्यक्रमपत्रिकेवर तिच्या नावापुढे छापलेली होती. तिने त्यातली नऊ वाया घालवली, तर तो तिचा हक्क. चांगलं बोलणाऱ्यालाच वेळ मिळणार असेल, तर पहिल्यांदा बोलणारा चांगला होणार कधी?

आणि अध्यक्षाला काम नसतं म्हणणाऱ्यांनी सिग्रेचं अधिवेशन बघावं. वीजक्षेत्रातली ही संस्था १९२१ ची आहे, दर दोन वर्षांनी पॅरिसला भरते. तिथे चर्चासत्रात पेपर वाचून दाखवतच नाहीत. एक 'स्पेशल रिपोर्टर', म्हणजे पत्रकार नव्हे तर त्याच विषयातला जाणकार, सगळे पेपर आधी वाचतो, त्यातून प्रश्न काढून सगळ्यांना पाठवतो, आणि सभागृहात लोक त्या प्रश्नांना आधी तयार केलेली छोटी उत्तरं देतात. तिथला सूत्रधार पेपर न वाचता बसला तर पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडेल. आमच्याकडे तो दीड तास आरामात निभावून नेतो, आणि म्हणून असे प्रश्न विचारले जातात.

आता थोडं स्वतःविरुद्धही लिहायला हवं. माइक बंद करणं हे शेवटचं हत्यार, आणि मी तिथवर पोचले याला मीही जबाबदार आहे. सकाळी मदतनीस आला तेव्हाच साहेबांना फोन करून "तुमच्या सीलच्या पाच स्लाइड आधी घ्या" असं सांगायला हवं होतं. नाही केलं. लोगोचा राग माझ्या मानेच्या त्या हालचालीत नव्हता, असंही मी शपथेवर सांगणार नाही. शिवाय प्रायोजक नसते तर नोंदणीची फी इतकी वाढली असती की ती मुलगी आलीच नसती, हे सहकाऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. तेवढंच. आणि नियम सगळीकडे सारखे नसतात, मी पाहिलं तेवढं लिहिलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये आकडे घाला. "निष्कर्ष पेपरमध्ये मांडले जातील" असं लिहिणाऱ्याला मी कायम कमी गुण दिले. ई-पोस्टर मिळालं तर नाक मुरडू नका, तिथे विचारणारे लोक समोर उभे असतात. अध्यक्ष व्हायचं असेल तर आधी कमिटीत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचायला नाव द्या, वाचणारे नेहमीच कमी पडतात. मोठ्या माणसानंतर तुमचा नंबर असेल तर सकाळीच अध्यक्षाला गाठून "माझी वेळ सांभाळाल ना?" असं विचारा. लाजू नका. आणि क्लिकर आधी एकदा हातात घेऊन बघा.

सहकारी हे वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठी एक हिशेब. साहेबांच्या २६ मिनिटांत १७ स्लाइड झाल्या होत्या, १४ उरल्या होत्या. त्याच गतीने आणखी २१ मिनिटं लागली असती. तुझ्या दहा मिनिटांत नसतं संपलं ते.