शब्द पाठ करताय? जरा थांबा

रोज ५० इंग्रजी शब्द वहीत लिहून पाठ करणं आधी बंद करा बरं, मी वर्षभर तेच केलं आणि बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. सुटा शब्द घेऊच नका, जोडीने घ्या, म्हणजे नुसतं ‘मिस्टेक’ नाही तर ‘मेक अ मिस्टेक’, कारण आपण ‘चूक केली’ म्हणतो म्हणून तिथे ‘डू’ लावायला जातो आणि फसतो. तसंच ‘मला भूक लागली’ मधल्या ‘लागली’ला इंग्रजी शोधत बसलात तर जेवण थंड होईल, ‘आय अ‍ॅम हंग्री’ अख्खंच उचला. आणि शब्द ढीगभर लागतात असंही काही नाही हो, ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये बेसिक इंग्लिश नावाचं सोपं इंग्रजी काढलं त्यात ८५० शब्द होते, क्रियापदं मोजून १८! एकट्या ‘गेट’वर आठवडा घालवा, गेट अप, गेट बॅक, गेट लॉस्ट (हे शेवटचं जपून). ग्रामर नंतर. बोलताना अडकलात तर गप्प नका बसू, ‘व्हॉट डू यू कॉल इट’ म्हणून वस्तूचं वर्णन करा, समोरचा शब्द देतोच, आणि असा मिळालेला शब्द मी तरी परत विसरलेलो नाही.